राळ, कथील आणि पाणी

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी कल्हईवाला येऊन बसे. जमिनीत हातभर खड्डा खणून त्यात तो कोळसा पेटवी, चामडी भात्याची नळी मातीखालून त्या विस्तवापर्यंत नेई, आणि घराघरांतून गोळा झालेली पितळेची पातेली, तपेली, पराती एकेक करून विस्तवावर धरू लागे. भांडे पुरते तापले म्हणजे चिमूटभर नवसागराची पूड आत टाकून तो कापसाचा बोळा फिरवी, आणि त्यासरशी डोळ्यांना झोंबणाऱ्या पांढऱ्या धुराचा लोट उठे; त्या धुरातच कथलाची कांडी भांड्याच्या पोटाला टेकवून वितळलेला थेंब तो बोळ्याने सरसर पसरवीत जाई आणि काळवंडलेले पितळ पाहता पाहता चांदीसारखे उजळे. मग सांडशीत धरलेले ते भांडे शेजारच्या पाण्याच्या टोपात बुडे आणि चर्र असा आवाज होई. आम्हा मुलांचे सारे लक्ष त्या आवाजाकडे. भांडे पाण्यात का बुडवायचे, हा प्रश्न त्या वयात पडला नाही; कथील थिजवण्यासाठी, हे उत्तर पुढे आपोआप सुचले; आणि त्याहूनही पुढे, धातूंचे गंजणे हा विषय अभ्यासाचा झाल्यावर, हेही उमगले की भांड्याला चिकटून राहिलेला नवसागराचा अंश तसाच ठेवला तर दमट हवेत तोच धातूला खाऊ लागतो, आणि त्याला घालवण्यास पाण्यासारखा दुसरा सोपा उपाय नाही.

धातूवरचे मालिन्य खाऊन टाकणारा क्षार, त्या निर्मळ अंगावर पसरणारे कथील, आणि शेवटी मागे उरलेला सारा मळ धुऊन नेणारे पाणी, ही जी त्रयी त्या खड्ड्याभोवती एकत्र येत असे, तीच थोड्याफार फरकाने रेडिओपासून संगणकापर्यंत प्रत्येक यंत्राच्या पोटातील सर्किट बोर्डाच्या जन्मकाळीही हजर असते. पहिल्या दोहोंविषयी कोणाला नवल वाटत नाही. तिसऱ्याचे नाव काढताच मात्र शहाणीसुरती माणसेही दचकतात. विजेच्या वस्तूला पाणी लागू देऊ नये हा दंडक आपल्या घरांत इतका रुजला आहे की, बोर्ड कारखान्यात पाण्याच्या फवाऱ्याखाली धुतले जातात असे सांगितल्यास ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटते. चालू यंत्राच्या बाबतीत तो दंडक शिरोधार्यच आहे, आणि त्यात तिळमात्र सवलत देण्याची माझी तयारी नाही. परंतु वीज तोडलेल्या, बॅटरी काढलेल्या, उघड्या बोर्डाला पाण्याचे वावडे आहे ही समजूत गैरसमजावर उभी आहे, आणि त्या गैरसमजाला एक इतिहास आहे. पाण्यावर जो आळ आला तो वस्तुतः पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचा होता. त्या आळापायी आणि सोयीच्या मोहापायी पाण्याला तीसएक वर्षे हद्दपार करण्यात आले, आणि त्या हद्दपारीची किंमत आकाशाने मोजली.

पॉल आयस्लर हा १९०७ साली व्हिएन्नात जन्मलेला ज्यू अभियंता १९३६ साली इंग्लंडच्या आश्रयास आला, आणि लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील भाड्याच्या खोलीत राहून त्याने असा एक रेडिओ सिद्ध केला की ज्याच्या पोटात तारांचे जंजाळ नव्हते. त्या काळी रेडिओतील प्रत्येक भाग दुसऱ्या भागाला सुट्या तारेने, हाताने, एकेक सांधा झाळून जोडला जात असे, आणि उलटा करून पाहिल्यास तो संच पक्ष्याच्या घरट्यासारखा दिसे. आयस्लरने विद्युत्-रोधक फळीवर तांब्याचा पत्रा चिकटवून, त्यावर हव्या त्या वाटा शाईने छापून, उरलेले तांबे रसायनात विरघळवून टाकण्याची युक्ती बसवली आणि १९४३ साली तिच्या पेटंटासाठी अर्ज गुदरला. महायुद्धात विमानवेधी तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये सिरॅमिकच्या चकत्यांवर छापलेली मंडले वापरली गेली. आणि १९४८ साली अमेरिकन सैन्याने ही विद्या व्यापारास खुली केली. पुढल्याच वर्षी त्या सैन्याच्या सिग्नल कोअरमधील मो अब्रॅमसन आणि स्टॅनिस्लॉस डँको यांनी फळीला छिद्रे पाडून, भागांचे पाय त्यांतून आरपार काढून, सगळी फळीच वितळलेल्या सोल्डरमध्ये बुडवावी आणि शेकडो सांधे एका दमात पुरे करावे अशी रीत घालून दिली. १९५६ च्या सुमारास इंग्लंडमधील फ्राय या धातू-कारखान्याने या बुडवण्याच्या जागी सोल्डरची सतत उसळणारी लाटच निर्माण केली, आणि बोर्ड त्या लाटेच्या माथ्याला स्पर्शून पुढे सरकू लागला.

स्वच्छतेचा प्रश्न खऱ्या अर्थाने उद्भवला तो येथे. कारागीर हाताने झाळकाम करी तेव्हा राळेचा टिपका सांध्यापुरताच पडे. लाटेवरून जाणाऱ्या फळीच्या मात्र सबंध तळाला आधी फ्लक्सचा लेप द्यावा लागे, आणि काम उरकल्यावर तो लेप करपून, चिकट होऊन, जेथे त्याची काहीच गरज नव्हती अशा जागीही पसरलेला राही.

फ्लक्स म्हणजे मूळची राळच. चीडाच्या बुंध्याला खाच पाडली की जो चीक पाझरतो, त्यातून टर्पेंटाइन उडवून लावल्यावर काचेसारखा पिवळसर, ठिसूळ पदार्थ उरतो तो हा. राळेत ॲबिएटिक नावाचे सौम्य अम्ल असते. थंड असताना ते निद्रिस्त राहते, सोल्डरच्या उष्णतेने जागे होऊन तांब्यावरचा ऑक्साइडाचा पापुद्रा विरघळवते, आणि पुनः थंड होताच राळेच्या काचेत बंदिस्त होऊन पूर्ववत निरुपद्रवी बनते. हा तिचा गुण इतका मोलाचा की जुने रेडिओ-मेकॅनिक राळेचा डाग पुसण्याच्या फंदात पडत नसत, आणि त्यांचे काही चुकतही नव्हते. पण शुद्ध राळ मवाळ असते. लाटेच्या वेगाने चालणाऱ्या कारखान्याला तिच्या मवाळपणाने भागेना, सबब तिच्यात अमाइनांचे हायड्रोक्लोराइड क्षार, म्हणजे आपल्या नवसागराचेच जवळचे भाऊबंद, मिसळण्यात येऊ लागले. हे क्षार राळेइतके समजूतदार नव्हेत. ते हवेतील दमटपणा शोषून घेतात आणि कामाला लागतात.

ते कोणत्या कामाला लागतात हे नीट कळावयाचे तर पाणी म्हणजे काय याचा खुलासा आधी झाला पाहिजे. १८९४ साली जर्मनीत फ्रीडरिश कोलराउश आणि अडोल्फ हायडवाइलर या दोघा पदार्थवैज्ञानिकांनी, पाणी स्वतः विजेला किती वाट देते हे मोजण्याचा निश्चय केला. साधे ऊर्ध्वपातित पाणी त्यांच्या उपयोगाचे नव्हते, कारण काचेतून, हवेतून, हाताच्या स्पर्शातूनही त्यात काही ना काही उतरते. म्हणून त्यांनी एकच पाणी निर्वात पात्रात पुनःपुन्हा, बेचाळीस वेळा, ऊर्ध्वपातित केले, असे विज्ञानाच्या इतिहासात सांगितले जाते. प्रत्येक खेपेस त्या पाण्याची वाहकता उतरत गेली आणि अखेर एका किमान पातळीवर येऊन ठेपली. आजच्या मापाने ती २५ अंश सेल्सिअसला सेंटिमीटरमागे सुमारे ०.०५५ मायक्रोसीमेन्स भरते. समुद्राच्या पाण्याची वाहकता याच मापाने सुमारे ५०,००० आहे. म्हणजे ज्या एका नावाने आपण दोन्ही द्रवांना हाक मारतो, त्यांच्यात सुमारे दहा लाख पटींचे अंतर आहे, आणि ते सारे अंतर मिठासारख्या विरघळलेल्या क्षारांचे आहे. नळाचे पाणी या दोहोंच्या दरम्यान कोठेतरी असते; ते पाण्याच्या नावावर विकला जाणारा क्षारांचा अतिपातळ काढाच होय.

आता असा विचार करावा की बोर्डावर दोन तांब्याच्या वाटा एकमेकींपासून केसभर अंतराने शेजारी चालल्या आहेत, एकीवर पाच व्होल्ट आहेत, दुसरीवर शून्य, आणि दोहोंच्या मध्ये, डोळ्यांना दिसणारही नाही असा, क्षार आणि दमटपणा यांचा पापुद्रा पसरला आहे. धन बाजूच्या धातूचे कण आयन होऊन त्या पापुद्र्यात उतरतात, ऋण बाजूकडे ओढले जातात आणि तेथे पोहोचून पुनः धातू बनतात. एकावर एक साचत त्यांची फांदी उगवते, फांदीला उपफांद्या फुटतात, आणि सूक्ष्मदर्शकातून पाहता पावसाळ्यात भिंतीच्या फटीत उगवणाऱ्या नेच्याच्या पानाचा भास व्हावा अशी ती सुरेख, रुपेरी किंवा काळसर नक्षी एका तीरावरून दुसऱ्या तीराकडे सरकत जाते. ती पलीकडे टेकली की संच बंद पडतो. बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेतील कोमन, हर्मन्स आणि डाउन्स यांनी १९५५ साली चांदीच्या बाबतीत हा प्रकार विस्ताराने मांडला, आणि विद्युत्-रोधक म्हणून ज्यावर भिस्त ठेवावी त्याच्यातूनच धातू चालत कसा जातो हे दाखवून दिले. या घटनेला तीन गोष्टी लागतात: ओल, क्षार आणि विद्युत्-दाब. तिघींपैकी एक जरी नसली तरी नेचे उगवत नाही. ओल सर्वांच्या डोळ्यांत भरते, म्हणून दोष तिच्याच माथी आला. आणि वास्तविक ज्या क्षाराला घालवण्यास तिच्याइतके समर्थ दुसरे काही नाही, तो क्षार नामानिराळा राहिला.

कारखानदारांची दृष्टी मात्र प्रथम राळेवरच गेली, कारण ती दिसते, हाताला चिकटते, आणि पाण्यात विरघळत नाही. तिला विरघळवणारी द्रव्ये हवीत म्हणून ट्रायक्लोरोएथिलीनसारख्या क्लोरीनयुक्त द्रावकांची पिंपे आली. मग त्यांच्याहूनही सोज्ज्वळ वाटणारे एक द्रव्य पुढे आले. टॉमस मिजले आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८ च्या सुमारास शीतपेट्यांसाठी शोधलेल्या क्लोरोफ्लुओरोकार्बन कुळातील ११३ क्रमांकाचे हे अपत्य. ते पेटत नाही, प्लॅस्टिकला वा रंगाला सहसा धक्का लावत नाही, ४७.६ अंशांवर उकळते, आणि पृष्ठताण पाण्याच्या चौथ्या हिश्श्याइतका अल्प असल्यामुळे जेथे सुईचे टोक शिरणार नाही अशा फटीतही विनासायास उतरते. त्याची धुलाई पाहिली तर मोह पडावा अशीच होती. पोलादी हौदाच्या तळाशी द्रव उकळत असे, वरच्या कडेने थंड पाण्याच्या नळ्यांची वेटोळी फिरलेली असत, आणि त्या दोहोंच्या मध्ये जड, नितळ वाफेचा एक थर हवेखाली दबून तरंगत राही. त्या थरात गार बोर्ड सोडला की वाफ त्याच्यावर थिजून धारांनी ओघळे, राळेला बरोबर घेऊन खाली जाई, आणि बोर्ड वाफेइतका तापला म्हणजे ओघळणे आपोआप थांबून तो वर काढावा तो कोरडा ठणठणीत निघे. पाण्याने धुतल्यावर सुकवण्याची जी यातायात, तिचा येथे मागमूस नव्हता.

परंतु या द्रव्याला मीठ विरघळवता येत नसे. राळ गेली तरी तिच्या कुशीतले क्षार मागे उघडे पडत आणि पूर्वी निदान राळेच्या काचेत कोंडलेले ते आता मोकाट सुटत. म्हणून त्यात मद्यार्क मिसळून त्याची उणीव भरून काढावी लागे. याहून बोलका दाखला अमेरिकन नौदलाच्या इंडियानापोलिस येथील वैमानिक-इलेक्ट्रॉनिक्स केंद्राचा आहे. बोर्ड पुरेसा स्वच्छ झाला की नाही हे ठरवण्यासाठी तेथे १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत जी कसोटी बसवली गेली, तीत बोर्ड तीन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक भाग शुद्ध पाणी यांच्या मिश्रणाने धुऊन त्या मिश्रणाची रोधकता कितीशी घटली हे मोजत. आणि स्वच्छतेची मर्यादा ठरली ती दर चौरस सेंटिमीटरला १.५६ मायक्रोग्रॅम मिठाइतकी. लष्कराचे माप मिठाचे, ते शोधून काढणारे पाणी, आणि धुलाईचा हुकूम मात्र पाण्याला परक्या अशा द्रावकाचा! लष्करी करारनाम्यांच्या कलमांत या द्रावकाचे नाव एकदा नमूद झाल्यावर ते बदलण्याची मुभा ठेकेदाराला राहिली नाही, आणि खाजगी कारखान्यांनीही तीच प्रतिष्ठा मानून त्याचा कित्ता गिरवला.

पाण्याचा पक्ष धरणारे या काळातही होते. पाण्यात विरघळणारे सेंद्रिय अम्लांचे फ्लक्स निघाले होते. राळेसाठीही तोड निघाली होती: गरम पाण्यात अमाइनसारखा अल्कली मिसळला म्हणजे राळेतील अम्लाचा त्याच्याशी संयोग होऊन चक्क साबण बनतो, आणि तो साबण पाण्याबरोबर वाहून जातो. शिकेकाई-रिठ्याच्या देशातल्या माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. अमेरिकेच्या ओरेगन प्रांतातील टेक्ट्रॉनिक्स ही ऑसिलोस्कोप बनविणारी कंपनी तर आपल्या दुरुस्ती-केंद्रांत, विजेच्या दुनियेतील अत्यंत नाजूक समजली जाणारी ती मापनयंत्रे उघडून, सौम्य साबण आणि कोमट पाण्याचा फवारा मारून, दाबाच्या हवेने पाणी उडवून, मग मंद आचेच्या भट्टीत सावकाश सुकवीत असे; आणि धुतलेले यंत्र पुनः अचूक मापे देई. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिले त्यांचे भय गेले. पण असे लोक थोडे.

१९७४ च्या जून महिन्यात कॅलिफोर्निया विद्यापीठातील शेरवूड रोलँड आणि मारिओ मोलिना यांनी, हे निरुपद्रवी वायू खाली कशाशीच भांडत नाहीत म्हणूनच ते अबाधित वर चढतात, तेथे अतिनील किरणांनी फुटतात, आणि मोकळा झालेला क्लोरीन ओझोनचा संहार करतो, असा सिद्धान्त मांडला. अकरा वर्षांनी, १९८५ साली, फारमन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील हॅली येथील नोंदींवरून ओझोनच्या थराला वसंत ऋतूत प्रचंड खिंडार पडत असल्याचे जाहीर केले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियलचा तहनामा झाला, आणि १९९० सालच्या लंडन व १९९२ सालच्या कोपनहेगन येथील बैठकांनी त्याची मुदत आवळत आणून श्रीमंत राष्ट्रांपुरती ती १९९६ च्या आरंभावर आणून ठेवली. शीतपेट्यांचा वायू निदान नळीत कोंडलेला असतो. बोर्ड धुणारा ११३ क्रमांकाचा द्रव मात्र वापरता वापरताच हवेत उडून जात होता, आणि एकदा उडाला की तो सुमारे शतकभर तेथेच राहणार होता. एका बोर्डाच्या तळाची चिकटी घालवण्यासाठी एवढा व्यवहार माणसाने पत्करला, याचे मला आजही दुःख होते.

मग जे घडले ते विलक्षण वेगाने घडले. १९८८ च्या जानेवारीत एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने संत्र्याच्या सालीतील तेलासारख्या टर्पीनवर आधारलेले द्रावक पुढे आणले. ते राळ विरघळवी, आणि त्याचे स्वतःचे उरलेले अंश पाण्याने धुऊन जात. ज्या लष्कराने कलमे घातली होती त्याच्याच प्रतिनिधींना बरोबर घेऊन अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने तुलनेच्या कसोट्या लावल्या, आणि पाण्याच्या धुलाईतून निघालेले बोर्ड जुन्या द्रावकाच्या बोर्डांच्या बरोबरीने, पुष्कळदा सरस, ठरल्यावर सक्तीची कलमे ढिली झाली. सॅन होजे येथील आयबीएमच्या मोठ्या कारखान्याने साबण-पाण्याचा रस्ता धरला. कॅनडाच्या नॉर्दर्न टेलिकॉमने याहून मुळाशी जाऊन प्रश्न केला की धुवायला लावणारा फ्लक्स मुळात घालायचाच कशाला, आणि अत्यल्प अवशेष ठेवणारे फ्लक्स वापरून १९९२ च्या आरंभी त्या द्रावकाला कायमची रजा दिली. या रीतीचा आज बराच बोलबाला आहे. पण यंत्र जेथे वर्षानुवर्षे दमट हवेत बिनचूक चालले पाहिजे तेथे धुलाई अटळच आहे, असे माझे मत आहे.

हिंदुस्थानात या प्रकरणाचा प्रवेश न्यायाच्या प्रश्नातून झाला. थर फाडणारा धूर श्रीमंतांच्या कारखान्यांचा, आणि बदलाचा खर्च सर्वांच्या माथी, हे मान्य नसल्याचे तत्कालीन पर्यावरणमंत्री मेनका गांधी यांनी लंडनच्या बैठकीत ठासून सांगितले; साहाय्यक निधीची तजवीज झाली, आणि १९९२ च्या जूनमध्ये भारताने तहनाम्यावर मान्यतेची मोहोर उठवली. पण तहाच्या मुदतीआधीच बाजाराची मुदत दारात आली होती. अमेरिकेने १५ मे १९९३ पासून असा नियम लावला की ओझोनभक्षक द्रव्य वापरून तयार केलेल्या मालावर तसा इशारा छापलाच पाहिजे, मग तो माल कोठलाही असो. १९७३ साली मुंबईत अंधेरीस स्थापन झालेल्या सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात क्षेत्रासारख्या ठिकाणाहून बोर्ड बाहेर पाठवणाऱ्या प्रत्येकाला या एका चिठ्ठीचा विचार करणे प्राप्त होते.

परतून आलेले पाणी मात्र पूर्वीचे नव्हते. १९३५ साली इंग्लंडमध्ये ॲडम्स आणि होम्स यांनी कृत्रिम राळेचे असे दाणे बनवले होते की त्यांतून पाणी गाळले असता त्यातील क्षारांचे आयन दाण्यांना चिकटतात आणि पाणी जवळजवळ कोलराउशच्या पाण्याइतके निर्मळ होते. चीडाच्या राळेने माखलेला बोर्ड शेवटी दुसऱ्या एका राळेतून गाळलेल्या पाण्याने निर्मळ व्हावा, यात मला फार मोठे सौंदर्य दिसते. आजच्या धुलाईयंत्रात आधी साठ अंशांच्या आसपास तापवलेले अल्कलीयुक्त पाणी, मग साध्या पाण्याचा खळखळाट, आणि शेवटी या आयनरहित पाण्याच्या लागोपाठ धारा असा क्रम असतो. शेवटच्या धारेत उतरलेल्या पाण्याची रोधकता मोजूनच बोर्ड पुढे सोडतात. त्यानंतर गरम हवेच्या पात्यासारख्या झोताने पाणी उडवून लावतात, कारण भागांच्या पोटाखाली केशाकर्षणाने अडून बसलेला थेंब नुसत्या वाऱ्याने हलत नाही. तांदळाच्या डब्यात फोन पुरून ठेवण्याची जी रूढी आहे तिच्यात ओल थोडी कमी होत असेल. क्षार जेथल्या तेथेच राहतात.

सर्वच भागांना पाणी मानवते असेही नाही. कागदी शंकूचा ध्वनिक्षेपक, उघडा रिले, व्हॉल्यूमची फिरकी, वेष्टनात कागद असलेला ट्रान्सफॉर्मर, काचेच्या दोन पापुद्र्यांमधला डिस्प्ले, यांच्यात शिरलेले पाणी बाहेर निघत नाही. म्हणून ते आधी काढून ठेवावे किंवा धुलाईनंतर बसवावे. जुन्या तपकिरी, कागदाच्या लगद्याच्या फळ्या पाणी पितात आणि फुगतात. हिरव्या काचतंतूच्या फळ्यांना त्या मानाने काही होत नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला त्या रात्री, कुर्ल्यात आमच्या तळमजल्याच्या घरात खिडकीच्या कठड्याएवढे पाणी होते. ते पावसाचे म्हणावे, तर त्यात मिठी नदीचे, गटारांचे आणि भरतीचेही पाणी मिसळले होते. चार दिवसांनी वडिलांचा जुना टू-इन-वन कापडात गुंडाळून मी स्टेशनच्या बाजूच्या एका मेकॅनिककडे नेला, वडीलही बरोबर आले. दुकानाबाहेर रांग होती. प्रत्येकाला तो एकच प्रश्न विचारी, आणि उत्तराप्रमाणे संच डावीकडच्या किंवा उजवीकडच्या ढिगात ठेवी.

“मावशी, चालू करून पाहिलात?”

“नाही रे बाबा, हात लावायचा धीरच झाला नाही.”

संच उजवीकडे गेला. या ढिगातले बोर्ड त्याचा पोऱ्या आधी नळाखाली धरून चिखल घालवी, मग चिमूटभर साबणपूड आणि दात घासायच्या ब्रशने घासी, पुनः नळाखाली धरी, आणि शेवटी बॅटरीच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन तिरपा करून बेताची धार सोडी. त्यानंतर ते पत्र्याच्या पेटीत, शंभर वॅटच्या जळत्या दिव्याशेजारी, दोन दिवस उभे राहत. आमची पाळी आली तेव्हा वडील क्षणभर घुटमळले. मग म्हणाले, “एकदाच. दिवा लागतो का, एवढंच पाहिलं.”

मेकॅनिकने मान हलवून संच डावीकडे ठेवला. पण मी थांबलेला पाहून तेथल्या तेथे उघडला आणि भिंग माझ्या हाती दिले. पुरवठ्याच्या दोन वाटांच्या दरम्यान हिरवट-काळी नक्षी उगवलेली होती, आणि तिच्या पायथ्याची तांब्याची वाट बोटभर लांबीत नाहीशी झाली होती. त्याने बोर्ड तरीही धुऊन घेतला. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा हरवलेल्या वाटेच्या जागी तो तारेचा तुकडा झाळत होता. राळेचा धूर वर गेला, सोल्डर चमकून थिजले, आणि त्याने मेजावरच्या दोन ब्रशांपैकी एक स्पिरिटात बुडवून सांध्यावर फिरवला, मग तो ठेवून दुसरा, बॅटरीच्या पाण्याच्या वाटीतला, उचलला.